सात दिवस, सहा खड्डे : गोव्यात लहान भूकंपांच्या मागावर

पहिला दिवस (२० नोव्हेंबर) : फोंडा

सहाही भूकंपमापक एकाच खोलीत, एकाच फरशीवर, खांद्याला खांदा लावून ठेवायचे आणि रात्रभर चालू सोडायचे. पहिल्या दिवसाचं काम एवढंच. याला हडल टेस्ट म्हणतात. घाईत असलेले लोक ती गाळतात आणि सहा महिन्यांनी पस्तावतात. खोली तळमजल्याची हवी, फरशी थेट जमिनीवर बसलेली हवी आणि पंखा, फ्रिज, पाण्याचा पंप बंद हवा. सगळ्या सेन्सरांच्या उत्तरेच्या खुणा एकाच दिशेला करायच्या. त्यासाठी फरशीवर खडूने एक रेघ ओढली की काम भागतं.

सकाळी सहाही आलेख एकावर एक ठेवून पाहायचे. अरबी समुद्राच्या लाटांमुळे जमीन दर ४ ते ८ सेकंदांनी अगदी मंद डोलत असते. डोळ्याला, पायाला ती जाणवत नाही, यंत्राला मात्र चोवीस तास दिसते. एकाच फरशीवरच्या सहा यंत्रांना हे डोलणं अगदी सारखं दिसायला हवं. एखाद्याचा आलेख दुप्पट उंच आला तर त्याचं गेन, म्हणजे संकेत किती पट मोठा करायचा ते प्रमाण, चुकलेलं असतं. आरशातल्यासारखा उलटा आला तर केबलच्या तारा उलट्या जोडलेल्या असतात. आमच्या सहांपैकी एकाचा उभा घटक, म्हणजे वर-खालची हालचाल मोजणारा भाग, उलटाच निघाला. हे खड्ड्यात पुरल्यावर कळलं असतं, तर भूकंपाच्या पहिल्या हालचालीची दिशा त्या ठाण्यावर कायम खोटी आली असती.

गोव्यात हे करायचं कशासाठी, असा प्रश्न येतोच. गोव्यापासून कुठल्याही दिशेला हजार किलोमीटरच्या आत भूपट्टांची सीमा नाही. भूकंपरोधक बांधकामाच्या आय. एस. १८९३ या संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीत गोवा तिसऱ्या विभागात आहे, म्हणजे मध्यम. पण सीमेपासून दूर असलेला खडक स्वस्थ असतो, हा समज महाराष्ट्राने दोनदा मोडलेला पाहिला आहे : ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला ६.३ परिमाणाचा, आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला ६.२ चा. हिमालयाला ढकलणाऱ्या भारतीय भूपट्टाचा ताण सगळ्या द्वीपकल्पात पसरलेला असतो. जुनी, कधीकाळी फाटून सांधलेली कमकुवत जागा सापडली की तो तिथे सुटतो. सीमेवर मोठे भूकंप काही दशकांनी येतात, भूपट्टाच्या पोटात शतकांनी किंवा हजारो वर्षांनी. तेवढं थांबायला कुणाला सवड आहे? म्हणून लहान भूकंप मोजायचे. परिमाण एकाने खाली उतरलं की भूकंपांची संख्या साधारण दहापट होते. ३ परिमाणाचा एक झाला तर २ चे दहा आणि १ चे शंभर, असा ढोबळ हिशेब.

या हिशेबाची दुसरी बाजू मात्र बोचते. परिमाणाचं मोजमाप लॉगरिदमचं आहे, म्हणजे एक पायरी वर गेलं की हालचाल दहापट. खड्ड्याच्या जागेचा गोंगाट दहापट वाढला, की ज्याच्या खालचं काही दिसत नाही ती मर्यादा एका परिमाणाने वर सरकते. म्हणजे दहातले नऊ भूकंप गेले. यंत्र कितीही महागाचं असो, वाईट जागेवर ते दहातला एकच भूकंप दाखवणार. पुढचे सहा दिवस खरं तर शांत जागांच्या शोधाचे आहेत.

(वर्तमानपत्रांत 'तीव्रता' म्हणून जे छापतात ते बहुतेक वेळा परिमाण असतं. परिमाण भूकंपाचं, एकच. तीव्रता गावागणिक वेगळी.)

दुसरा दिवस : केरी, सत्तरी

फोंड्याहून उसगाव, होंडा, साखळीवरून केरी. पुढे रस्ता चोर्ला घाटाला लागतो. घाटमाथ्याकडे दख्खनचा काळा बेसॉल्ट, पायथ्याशी त्याहून कितीतरी जुने गोव्याचे खडक, आणि या दोन्हींवर जागोजागी जांभ्याचं कवच.

गोव्यात जागा निवडताना हा जांभाच फसवतो. सडा, म्हणजे जांभ्याचं उघडं पठार, पाहिला की वाटतं, याहून टणक जमीन कुठली? चिरे काढतात ती जागा, कुदळ उसळते. पण हे कवच काही मीटर जाडीचं असतं आणि त्याच्या खाली पिवळसर-पांढरी मऊ चिकणमाती असते. टणक झाकण, खाली लोणी. भूकंपाची लहर मऊ थरात शिरली की तिचा वेग कमी होतो, उंची वाढते आणि ती कवचाखाली पुन्हा पुन्हा आपटत राहते. आलेखात एस लहरीची, म्हणजे भूकंपाच्या पहिल्या (पी) लहरीमागून येणाऱ्या लहरीची, सुरुवात कुठे आणि हा घंटानाद कुठे, ते मग सांगता येत नाही. सड्यावरून उतरून ओढ्याच्या पात्राकडे जायचं, उघडा खडक शोधायचा. हातोड्याने ठोकल्यावर 'खण' आवाज आला पाहिजे, 'भद' नाही. ओढ्याच्या अगदी काठावरही बसता येत नाही, कारण वाहतं पाणी स्वतःच जमीन थरथरवतं. काठापासून शे-दीडशे मीटर वर, खडकाचं तेच तोंड पुन्हा बाहेर डोकावतं का ते पाहायचं.

केरीची जागा कुळागराच्या वरच्या अंगाला होती. सुपारी, केळी, मिरीवेल, खाली विहीर. विहिरीवर मोटर. मिनिटाला सुमारे १४४० फेरे घेणारी मोटर म्हणजे सेकंदाला २४. आलेखाच्या वर्णपटात, म्हणजे कुठल्या वारंवारतेचं कंपन किती ते दाखवणाऱ्या चित्रात, २४ हर्ट्झवर सरळ रेघ उमटते, मोटर चालू असेपर्यंत. मोबाइल टॉवरचा डिझेल जनरेटर १५०० फेऱ्यांचा, त्याची रेघ २५ वर. या दोन रेघा ओळखता आल्या की निम्म्या तक्रारी मिटतात. मालकांशी बोलून पंपाच्या वेळा लिहून घेतल्या. खड्डा विहिरीपासून ३०० मीटरवर होता, तो तसाच ठेवला. झाडाचं अंतरही पाहावं लागतं. वाऱ्यात हलणाऱ्या झाडाची मुळं जमीन उचकटत असतात, त्यामुळे झाडाच्या उंचीइतकं तरी अंतर सोडायचं. माडाजवळ तर नकोच.

खड्डा आठ दिवस आधीच खणून घेतला होता. ७५ सेंटिमीटर खोल, ६० सेंटिमीटर चौरस, आत तळ कापलेला प्लास्टिकचा पिंप. तळाशी ४० × ४० × १० सेंटिमीटरचा काँक्रीटचा चौथरा. त्याला सिमेंट ५ किलो, म्हणजे मापाने साडेतीन लिटर, वाळू ७ लिटर आणि बारीक खडी १४ लिटर. त्यात सळी घालायची नाही. चौथरा पिंपाच्या भिंतीला कुठेही चिकटू द्यायचा नाही. चारी बाजूंनी दोन बोटं फट हवी, नाहीतर वरची माती वाऱ्याने, पावसाने, गुरांच्या पायाने हलली की पिंप हलतो आणि पिंपाबरोबर चौथरा. आठ दिवस आधी ओतायचं कारण असं की काँक्रीट आळताना आकसतं. त्या आकसण्याने चौथरा कलत राहतो आणि १२० सेकंदांपर्यंतच्या लहरी पकडणारा ब्रॉडबँड सेन्सर ते कलणंच नोंदवत बसतो.

मग क्रम असा. चौथरा कोरड्या फडक्याने पुसून काढायचा, वाळूचा एक कण राहिला तरी सेन्सरचा पाय डुगडुगतो. उत्तर-दक्षिण रेघ मारायची. सेन्सर ठेवून तीन पायांच्या स्क्रूंनी बुडबुडा मध्ये आणायचा आणि पायांची चाकं घट्ट आवळायची. ही चाकं सैल राहणं हा सर्रास होणारा घोटाळा. केबलला सेन्सरजवळ एक सैल वेटोळं द्यायचं, नाहीतर ताणलेली केबल दिवसा तापून, रात्री गार होऊन सेन्सर ओढते. वरून ५ सेंटिमीटर जाडीच्या थर्मोकोलची पेटी उपडी घालायची. पेटी सेन्सरला टेकता कामा नये. मुंग्यांना थर्मोकोल फार आवडतो, तेव्हा कडेने चुन्याची पट्टी. पिंपाचं झाकण, प्लास्टिक, आणि त्यावर एक वीत माती.

झाकण लावण्याआधी पाच मीटरवर उभं राहून दोनदा पाय आपटायचा, तोही ठरवून : एकदा उत्तरेला उभं राहून, एकदा पूर्वेला. पडद्यावर तिन्ही घटक (उभा, उत्तर-दक्षिण, पूर्व-पश्चिम) उसळले पाहिजेत. उत्तरेला आपटल्यावर पूर्वेचाच घटक जास्त हलला तर केबलमध्ये अदलाबदल झालेली असते.

कुळागराचे मालक, सत्तरीतले एक काका, सगळं पाहून म्हणाले, "हे आधीच सांगणार काय हो?" नाही सांगणार, हे स्पष्ट शब्दांत आणि पहिल्याच दिवशी सांगावं. हे यंत्र झालेलं मोजतं, होणारं सांगत नाही. ही गोष्ट पुसट ठेवली, की गावात एखादा धक्का जाणवल्यावर लोक खड्ड्याकडे उत्तर मागायला येतात.

तिसरा दिवस : मोले, कुळे

मोलेच्या भोवती भगवान महावीर अभयारण्य आहे, त्यामुळे वनखात्याची लेखी परवानगी हाताशी हवी आणि खड्ड्याच्या जागेचे अक्षांश-रेखांश परवानगीत लिहिलेले हवेत. शंभर मीटर इकडेतिकडे झालं तरी अडतं.

इथला खडक गोव्यातला सगळ्यांत जुना. अनमोड घाटातला नाइस हा पट्टेदार खडक तीन अब्ज वर्षांहून जुना आहे. ठोकल्यावर कांस्यासारखा वाजतो. भूकंपाच्या लहरींसाठी असा खडक म्हणजे गुळगुळीत रस्ता, ऊर्जा फारशी न गमावता त्या लांबवर जातात. सीमेवरच्या, ताज्या फाटाफुटीच्या प्रदेशात विरून जाणारा तेवढाच भूकंप जुन्या द्वीपकल्पात कितीतरी दूर जाणवतो, तो या खडकांमुळेच.

पण कुळ्याला रेल्वे आहे. कुळे ते कॅसलरॉक हा ब्रागांझा घाट १ : ३७ चढाचा. मालगाड्यांना मागून ढकलणारी जादा इंजिनं लागतात. गाडी पाऊण तास घाट चढत असते आणि पाऊण तास जमीन गुरगुरत असते. आलेखात गाडी ओळखायला सोपी : आवाज हळूहळू फुगतो, मिनिटानुमिनिटं टिकतो, हळूहळू मावळतो. चातीवरच्या सुतासारखा आकार. भूकंप एकदम सुरू होतो, मग सावकाश विरतो. डोळ्याला एवढा फरक पुरतो. संगणकाला पुरत नाही आणि तो प्रत्येक गाडीला भूकंप म्हणून ओरडतो. रुळापासून साडेतीन किलोमीटर आत, एका टेकाडाच्या पलीकडच्या उतारावर जागा घेतली. दोन गाड्यांच्या मधला वेळ तरी हातात उरावा, इतकीच अपेक्षा.

इथे होकायंत्राने दगा दिला. गोव्यात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एखाद्या अंशाचाच फरक आहे, म्हणून लोक होकायंत्रावर बिनधास्त विसंबतात. पण लोखंडाच्या खनिजाचे पट्टे गोव्याच्या पोटात जागोजागी आहेत आणि त्यात मॅग्नेटाइट असलं की सुई भलतीकडे वळते. तपासायची रीत सोपी : एकाच रेषेवर वीस-वीस पावलांवर तीनदा वाचन घ्यायचं. तिन्ही जुळली नाहीत तर होकायंत्र खिशात. जीपीएसचे दोन बिंदू घेऊन दिशा काढता येते, पण हातातल्या जीपीएसची चूक ३ ते ५ मीटर. बिंदू ५० मीटरवर घेतले तर दिशा पाच-सहा अंशांनी चुकू शकते. २०० मीटर मोकळी सरळ रेषा जंगलात मिळत नाही.

उरला सूर्य. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची, कुळे ७४.२५ च्या आसपास. फरक सव्वाआठ अंश, दर अंशाला ४ मिनिटं, म्हणजे ३३ मिनिटं. त्यात नोव्हेंबरच्या २२ तारखेला सूर्य घड्याळाच्या सुमारे १४ मिनिटं पुढे असतो. १२ वाजून ३३ मधून १४ वजा : मध्यान्ह १२ वाजून १९ मिनिटांनी. त्या क्षणी ओळंब्याच्या दोरीची सावली नेमकी खऱ्या उत्तरेला पडते. या दिवसांत मध्यान्हीला सावली मिनिटाला साधारण ०.४ अंशाने फिरते, त्यामुळे घड्याळ एका मिनिटाने चुकलं तरी अर्ध्या अंशाच्या आतच चूक. होकायंत्राने इथे सहा अंश चूक दाखवली होती. आकाश ढगाळलं असतं तर दुसऱ्या दिवशी परत यावं लागलं असतं.

वीज : सेन्सर आणि डिजिटायझर (सेन्सरचा संकेत आकड्यांत नोंदवणारी पेटी) मिळून अडीच वॅट, म्हणजे दिवसाला ६० वॅट-तास. १२ व्होल्ट, ६५ अँपिअर-तासांच्या बॅटरीत ७८० वॅट-तास. बॅटरी अर्ध्याच्या खाली उतरवली तर आयुष्य घटतं, म्हणून हाती ३९०, साडेसहा दिवसांचा शिधा. ४० वॅटचं सौर पॅनेल मोकळ्या जागी दिवसाला १६० वॅट-तास सहज देतं. झाडीत त्याचा तिसरा हिस्सा मिळाला तर नशीब, आणि तिसरा हिस्सा म्हणजे खर्चाहूनही थोडा कमी. त्यामुळे कुळ्याला दोन पॅनेलं, दोन बॅटऱ्या. पावसाळ्यात हेच सगळीकडे करावं लागेल. पॅनेलचा खांब खड्ड्यापासून किमान पाच मीटर दूर, कारण वाऱ्यात तो डुलतो. तोंड दक्षिणेला, कल २० अंशांच्या आसपास, म्हणजे पानंही घसरून पडतात.

गव्यांची चिंता केबलसाठी. जमिनीवर पडलेली केबल एका पावलात तुटते, म्हणून ती पीव्हीसी नळीत घालून एक वीतभर पुरायची. गव्यांचा कळप जवळून गेला तर आलेखात ठक-ठक असे सुटे टोले दिसतात, पाच ते पंधरा मिनिटं, एकाच ठाण्यावर. शेजारच्या ठाण्यावर काही नसेल तर तो भूकंप नाही. एकट्या ठाण्याच्या शब्दावर काहीही ठरवायचं नाही, हा या कामाचा पहिला नियम.

चौथा दिवस : साळावली आणि पारोडा

दोन ठाणी एका दिवसात. खड्डे तयार होते म्हणून जमलं.

साळावली धरण सांगे तालुक्यात आहे. गोल, नरसाळ्यासारखा त्याचा सांडवा पाहायला लोक गाड्या भरून येतात. भूकंपवाल्याला तो सांडवा नको असतो : पाणी काठावरून खाली पडत असेल तोवर किलोमीटरभर परिसरात जमीन अखंड थरथरते. ठाणं धरणापासून चार किलोमीटर वरच्या अंगाला ठेवलं.

धरणाजवळ ठाणं का, हे कोयनेने शिकवलं आहे. कोयना धरणाचा शिवसागर जलाशय १९६२ च्या सुमारास भरू लागला, लहान धक्के सुरू झाले आणि १९६७ ला मोठा आला. धक्के आजही येतात, बहुतेक दहा किलोमीटरहून उथळ. १९८५ नंतर वारणेचा जलाशय भरला, तसे ते दक्षिणेकडेही सरकले. भातसा धरणाच्या परिसरात १९८३ मध्ये असेच धक्के बसले होते. पाणी दोन तऱ्हांनी काम करतं. एक, नुसतं वजन, त्याचा परिणाम ताबडतोब. दुसरं, खडकाच्या भेगांतून खाली झिरपणारा दाब, तो भेगेच्या दोन्ही भिंती एकमेकींपासून किंचित सैल करतो आणि जवळजवळ निसटायला आलेली भेग निसटते. हा दाब चालत जायला वेळ घेतो. झिरपण्याचा गुणांक सेकंदाला १ चौरस मीटर धरला, तर तीन महिन्यांत दाबाची आघाडी दहा किलोमीटर पोचते. म्हणून भूकंपांची यादी जलाशयाच्या आजच्या पातळीशी ताडायची, आणि दोन-तीन महिन्यांपूर्वीच्या पातळीशीही. जलस्रोत खात्याकडून रोजच्या पातळीची नोंद मागून घेतली पाहिजे. महिन्याची सरासरी उपयोगाची नाही, पातळी किती झपाट्याने चढली ते सरासरीत बुडून जातं.

साळावलीत कोयना होईल असं यातून काढू नये. कोयना धरण १०३ मीटर उंच, साळावली त्रेचाळीसच्या आसपास. दर दहा मीटर पाण्याला एक बार दाब, म्हणजे तळाशी कोयनेला दहा बार तर इथे चार. पण चार बार अगदीच नगण्य नसतात. खाली आधीच ताणलेली भेग असेल तर तिला थोडंही पुरतं. ती आहे की नाही, ते परिमाण ०.५ आणि १ चे कंप सांगतील. ते दिसायला ठाणं जवळ लागतं.

इथेच सहा ठाण्यांची मर्यादाही उघडी पडते. गोव्याचं क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर. सहाने भागलं तर एका ठाण्याच्या वाट्याला ६१७, म्हणजे ठाण्याठाण्यांत २५ किलोमीटर. भूकंपाची खोली नीट काढायची तर एक ठाणं खोलीच्या दीडपट अंतराच्या आत लागतं. पाच किलोमीटर खोल भूकंपासाठी साडेसात किलोमीटरच्या आत ठाणं. त्यामुळे सहा ठाण्यांनी गोवाभर जागा सांगता येईल, खोली मात्र ठाण्यांच्या आसपासच सांगता येईल. राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राची देशभरात दीडशेहून अधिक ठाणी आहेत. देशाच्या आकाराला भागलं तर दर दीडशे किलोमीटरला एक. त्या जाळ्यातून एक-दीड परिमाणाचे मासे निसटणारच.

दुपारी पारोडा. चंद्रनाथ पर्वताचा ग्रॅनाइटी नाइस गावाच्या वर उभा आहे, माथ्यावर चंद्रेश्वर भूतनाथाचं देऊळ. मोह माथ्याचा होतो. माथ्यावर बसवू नये : वारा तर असतोच, शिवाय डोंगराचं टोक लहरीने पायथ्यापेक्षा जास्त हलतं, त्यामुळे परिमाण फुगतं. पायथ्याच्या बागायतीच्या मागे, खडकाच्या अंगाला जागा मिळाली. सहांपैकी सगळ्यांत शांत ठाणं हेच ठरलं.

पाचवा दिवस : काणकोण, गावडोंगरी

करमल घाटातून काणकोण. किनाऱ्याला समांतर कोकण रेल्वे, तिच्यापासून आत गावडोंगरीकडे सरकत गेलं की ग्रॅनाइट लागतो, मोठ्या गुलाबी फेल्डस्पारच्या ठिपक्यांचा.

घड्याळाचा घोळ इथे झाला. डिजिटायझर वेळ जीपीएसवरून घेतो. अँटेना फणसाच्या गच्च पानोळ्याखाली होती. सुरुवातीला उपग्रह मिळाले, दिवा हिरवा झाला, तासाभराने सुटले. डिजिटायझर तरीही मुकाट चालू राहतो, आपल्या आतल्या घड्याळावर, आणि ते हळूहळू वाहवत जातं. पी लहर, म्हणजे भूकंपाची सगळ्यांत आधी पोचणारी लहर, खडकातून सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर धावते. घड्याळ ०.१ सेकंद चुकलं की भूकंप ६०० मीटर सरकला, अर्धा सेकंद चुकलं की तीन किलोमीटर. अँटेना बांबूवर चढवून मोकळ्या आकाशाखाली आणली. पहिला हिरवा दिवा पाहून निघायचं नाही, दोन तास थांबून लॉकची, म्हणजे उपग्रहांशी घड्याळ जुळल्याची, नोंद फाइलमध्ये सलग आहे का ते पाहायचं. तोवर जेवण होतं.

नोंदवहीत वेळ कुठली, हेही ठरवलेलं असावं. यंत्र जागतिक प्रमाणवेळेत लिहितं, माणसं घड्याळ पाहून. साडेपाच तासांचा फरक कागदावर हमखास विसरला जातो. कोयनेचा भूकंप आपल्याकडे ११ डिसेंबरचा आणि परदेशी याद्यांत १० डिसेंबरचा दिसतो, तो यामुळेच. वहीत दोन्ही वेळांचे स्वतंत्र रकाने आखले आहेत.

सहावा दिवस : पेडणे

उत्तरेला खडक मिळणं कठीण. सगळीकडे जांभा, खाली किनाऱ्याकडे खाजन शेती, म्हणजे भूकंपमापकासाठी दलदलच. शेवटी एका मंदिराच्या अग्रशाळेच्या (भक्तांच्या उतरण्याच्या इमारतीच्या) मागची बंद खोली घेतली. जमीन जांभ्याचीच. विजेची सोय, कुलूप आणि देखरेख मिळाली, शांतता मिळाली नाही. या ठाण्याच्या परिमाणांना नंतर दुरुस्तीचा आकडा लावावा लागेल. मोसमात किनारपट्टीवर रात्री नाचगाणं चालतं. मिनिटाला १२० ठोक्यांवर गर्दी एका लयीत उड्या मारते तेव्हा वर्णपटात २ हर्ट्झवर रेघ येऊ शकते, तेव्हा ती आली तर दचकू नये. ठाणं तरीही हवंच, कारण पश्चिमेला नुसता समुद्र आहे. एका बाजूला ठाणीच नसली की समुद्रातल्या भूकंपाची जागा पूर्व-पश्चिम ताणली जाते. उत्तर टोकाचं ठाणं काढलं तर ती अजूनच ताणली जाईल.

सातवा दिवस : परत केरी

पहिल्या ठाण्यावर पाच दिवसांचा विदा साठला होता. सेकंदाला १०० नमुने, तीन घटक, आकुंचित स्वरूपात दिवसाला सुमारे ३५ एमबी. ३२ जीबीच्या कार्डात दोन वर्षं मावतात, तरी महिन्याने यायचंच. कार्ड भरण्याआधी उंदीर केबल कुरतडतात.

पाहण्याची पद्धत. २ ते १५ हर्ट्झ एवढाच पट्टा ठेवायचा, म्हणजे समुद्राचं डोलणं बाजूला होतं. मग अर्ध्या सेकंदाची सरासरी उंची भागिले ३० सेकंदांची सरासरी. उत्तर ४ च्या वर गेलं तर खूण. सहांपैकी किमान चार ठाण्यांवर १५ सेकंदांच्या आत खुणा पडल्या तरच ती घटना मानायची. गुणोत्तर ३ वर आणलं की खुणा चौपट होतात आणि जवळपास सगळ्या कचरा असतात. ६ वर नेलं तर नेमके हवे ते बारीक कंप गळतात.

त्यानंतर एस आणि पी लहरी पोचण्यातलं वेळेचं अंतर. जितके सेकंद, गुणिले ८, तितके किलोमीटर. केरीच्या आलेखात हे अंतर २१ ते २५ सेकंद आलं तर नजर कोयना-वारणेकडे वळवायची. त्याच घटनेचं अंतर गावडोंगरीला २८ ते ३२ यायला हवं. तीनच्या वरचा कोयनेचा धक्का सहाही ठाण्यांसाठी फुकटचा तपासनीस असतो : राष्ट्रीय केंद्राच्या यादीतली वेळ आणि जागा घ्यायची, लहर कधी पोचायला हवी ते काढायचं, एखादं ठाणं सातत्याने उशिरा दाखवत असेल तर घड्याळ पाहायचं.

डोकेदुखी खडीच्या खाणींची. सुरुंगही जमीन एकदम हलवतो आणि चार ठाण्यांवर दिसतो. त्याच्या खुणा तीन. पी लहरीची पहिली हालचाल सगळ्या ठाण्यांवर वरच्या दिशेला, कारण स्फोट चारी बाजूंना ढकलतो. भूकंपात काही ठाण्यांवर वर, काहींवर खाली. दुसरं, सुरुंग पृष्ठभागावरचा, म्हणून मागून पृष्ठलहरींची लांब, सावकाश शेपटी येते. एस लहर मात्र बारीक असते. तिसरी खूण घड्याळाची. सगळ्या घटनांचा तासवार स्तंभालेख काढायचा. भूकंपाला जेवणाची सुट्टी नसते. रात्री उलट बारीकसारीकही दिसतात, तेव्हा रात्रीचे स्तंभ उंच हवेत. दुपारी साडेबारा आणि संध्याकाळी पाचला टेंगळं आली की ते सुरुंग. खाणमालकांकडून सुरुंगाच्या तारखा मिळाल्या तर उत्तम : जागा आणि वेळ ठाऊक असलेला सुरुंग खडकातला लहरींचा वेग मोजून देतो, मग तो शत्रू राहत नाही.

एवढं गाळून जे उरतं ते मोजकंच असतं. महिन्याला दहा-बारा घटना उरल्या तरी दोन वर्षांत त्या नकाशावर एखाद्या रेषेत बसतात का, ते दिसू लागतं. किल्लारीत १९९३ च्या आदल्या वर्षी लहान धक्के बसत होते, लोकांना जाणवत होते, पण त्यांची नेमकी जागा आणि खोली काढील असं जवळचं जाळं तेव्हा तिथे नव्हतं. पालघरकडे नोव्हेंबर २०१८ पासून धक्क्यांची माळ लागली, तेव्हा ठाणी लवकर पोचली आणि जागा अरुंद पट्ट्यात बांधता आल्या.

केरीच्या पाच दिवसांत २४ हर्ट्झची रेघ रोज सकाळी साडेसहा ते आठ. काकांनी सांगितलेल्या वेळेशी मिनिटाला मिनिट जुळली. चौथ्या दिवशी मात्र रेघ दुपारी होती. विचारलं तर म्हणाले, त्या दिवशी वीज सकाळी गेली होती. थर्मोकोलच्या पेटीखाली मुंग्यांनी एका रात्रीत रस्ता केला होता, तिथे नवा चुना. सिलिका जेलची पुरचुंडी निळी होती, म्हणजे आत ओल नाही. झाकण, प्लास्टिक, वीतभर माती. पुढची फेरी डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. येताना गावडोंगरीसाठी तीन मीटर जादा अँटेना केबल आणि कुळ्यासाठी पीव्हीसीची आणखी एक नळी आणायची आहे.